एडी रॉबिन्सनची सँडविचेस

अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही मला इथला फुटबॉल (पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात तो!) फारसा कळत नाही. पण एडी रॉबिन्सनबद्दल वाचायला घेतलं आणि अडकलेच.

१९४१ साली, वयाच्या २२व्या वर्षी, लुईझियानातल्या ग्रॅम्बलिंग गावच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात हे गृहस्थ कोच झाले. कोच म्हणजे काय, तर मैदानावरचं गवत कापायचं, रेघा आखायच्या, आणि परगावी सामना असला की पोरांसाठी सँडविचेसही करायची. वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांना कोणी बसूच द्यायचं नाही ना! पुढे त्यांनी ४०८ सामने जिंकले, पण माझ्या डोक्यात ती सँडविचेसच राहिली आहेत.

त्यांचा डग विल्यम्स १९८८मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

शेवट मात्र टोचतो. १९९६ आणि १९९७, दोन्ही वर्षी विजय फक्त ३ आणि पराभव ८. ‘आता पुरे’ म्हणणारे वाढले. ७८व्या वर्षी ते थांबले.

आमचे बाबा शाळेत पीटीचे सर. ५८ला नियमाने रिटायर झाले, तरी रोज संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसायचे... त्यामुळे रॉबिन्सननी वेळेवर थांबायला हवं होतं, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

त्यांच्यानंतर ती जागा विल्यम्सलाच मिळाली, हे वाचून बरं वाटलं.