शंभरावा तुकडा



तुम्हांला कार्टून आवडते का? खरे तर या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे. वर्गात हा प्रश्न विचारला, की एकदम सगळे हात वर होतात. कोणी छोटा भीमचे नाव घेतो, कोणी मोटू-पतलूचे, तर कोणी टॉम आणि जेरीचे. मग वर्ग शांत करायला मला पाच मिनिटे लागतात.

मी लहान होतो, तेव्हा माझा आवडता होता मोगली. १९९० नंतरच्या काही वर्षांत दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही मालिका लागत असे. ती जपानमध्ये तयार झाली होती आणि आम्ही ती हिंदीत पाहत होतो. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या खालांच्या घरी आम्ही दहा-बारा मुले दाटीवाटीने बसायचो. लांडग्यांनी वाढवलेला मोगली, त्याला शिकवणारा बालू अस्वल, काळाभोर बगीरा आणि दुष्ट शेरखान वाघ! शेरखान आला, की मी आपाच्या ओढणीत तोंड लपवायचो.

ही गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म आपल्या मुंबईत १८६५ साली झाला. त्यांचे वडील तेथील जे. जे. कला विद्यालयात शिकवत. 'जंगल बुक' हे पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत आहे. पण त्यातली नावे ऐका : बालू, हाथी, शेरखान. ही नावे तुमच्या-माझ्या बोलीतूनच गेली आहेत ना? म्हणूनच मोगली मला परका कधी वाटला नाही.

पण आज मी तुम्हांला मालिकेबद्दल सांगणार नाही. एका पिशवीबद्दल सांगणार आहे.

ही गोष्ट १९९८ सालची. मी चौथीत होतो. आम्ही मालेगावात राहत होतो. माझे अब्बा यंत्रमागावर काम करत. त्या वर्षी पावसाळ्यात मागावरून उडालेला धोटा त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडले. डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातले आणि सहा आठवडे काम बंद ठेवायला सांगितले. सहा आठवडे काम नाही, म्हणजे सहा आठवडे मजुरी नाही. अम्मी आणि आपा शेजारच्यांचे कपडे शिवू लागल्या. अब्बा दिवसभर खाटेवर बसून असत. इतके गप्प मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

अब्बांना भेटायला मुंबईहून मामू आले. ते रद्दीच्या दुकानात काम करत. त्यांनी माझ्यासाठी एक कापडी पिशवी आणली. मी ती उघडली, तर आत पुठ्ठ्याचे रंगीत, वेडेवाकडे तुकडे! कोणाला बाहेर आलेली गोल जीभ, तर कोणाला आत गेलेली खाच.

मामू म्हणाले, "हे चित्राचं कोडं आहे. रद्दीत आलं होतं. याचा डबा हरवला आहे, त्यामुळे चित्र कशाचं आहे हे मलाही माहीत नाही. जोडशील तेव्हा कळेल."

या खेळाला 'जिगसॉ' म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. जिगसॉ म्हणजे बारीक पात्याची, वरखाली चालणारी करवत. पूर्वी लाकडाच्या फळीवर चित्र चिकटवून ती करवतीने कापत. म्हणून करवतीचे नाव खेळाला मिळाले.

मी सगळे तुकडे चटईवर ओतले आणि घाईघाईने जोडायला बसलो. हा त्याला लाव, तो याला लाव. एक तुकडा बसेना, तेव्हा मी त्यावर मूठ मारली. तास झाला, तरी चार तुकडेही जुळले नाहीत. मी रडकुंडीला आलो.

अब्बा खाटेवरून पाहत होते. ते हळूच खाली उतरले आणि माझ्याजवळ बसले.

"आधी काठ शोध," ते म्हणाले.

"काठ?"

"हो. कापडाला काठ असतो ना? तसा यालाही असणार. ज्याची एक बाजू सरळ आहे, तो काठाचा तुकडा. ज्याच्या दोन बाजू सरळ, तो कोपरा."

मी शोधू लागलो. चार कोपरे मिळाले. काठाचे बत्तीस तुकडे मिळाले. आपाने हिशेब केला : उभ्या बाजूला दहा, आडव्या बाजूला दहा, म्हणजे एकूण तुकडे शंभर, त्यांतले छत्तीस कडेचे आणि चौसष्ट आतले. मी मोजून पाहिले. आतले तुकडे त्रेसष्टच भरले. पिशवी झटकली, चटई उचलली. एक तुकडा नव्हताच.

"नव्याण्णव तर आहेत," अब्बा म्हणाले. "नसलेल्या एकासाठी असलेल्या नव्याण्णवांना कशाला सोडायचं?"

त्या रात्री चौकट पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून धावतच घरी आलो. अब्बांनी डाव्या हाताने तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करून ठेवले होते. हिरवे एकीकडे, तपकिरी एकीकडे, काळे एकीकडे. आम्ही जोडत गेलो आणि संध्याकाळी दोन तुकडे एकमेकांना भिडले. त्यांतून दोन मोठे डोळे आणि विस्कटलेले केस दिसले. मी ओरडलो, "मोगली! अब्बा, हा मोगली आहे!"

मित्रांनो, त्या क्षणीचा आनंद कसा सांगू? डब्यावरचे चित्र आधीच पाहिले असते, तर तो आनंद मिळाला नसता. आपला आवडता मोगली तुकड्या-तुकड्यांनी आपल्या घरी आला, असे मला वाटले.

आता मी तुम्हांला एक गोष्ट कबूल करतो. ती सांगताना आजही मान खाली जाते.

माझे अब्बा शाळेत गेले नव्हते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. माझ्या प्रगतीपुस्तकावर ते अंगठा उठवत. इतर मुलांच्या प्रगतीपुस्तकावर वडिलांची सही असे, माझ्या मात्र निळा अंगठा. तिसरीत असताना एक मुलगा तो पाहून हसला. तेव्हापासून मी प्रगतीपुस्तक अब्बांना दाखवायचेच सोडून दिले. आपाच्या मागे लागून तिच्याकडून अब्बांच्या नावाची सही करून घेऊ लागलो. आपा चिडायची, "हे बरं नाही," म्हणायची. पण माझे रडणे पाहून सही करायची. अब्बांना काही येत नाही, असे मला त्या वयात वाटू लागले होते.

आणि आता तेच अब्बा माझ्यासमोर बसून, मला न सुटणारे कोडे सोडवत होते.

सगळ्यांत अवघड होता बगीरा. तो पडला काळा! त्याचे अकरा तुकडे, सगळे सारखेच काळे. मी हार मानली. अब्बांनी मात्र एक तुकडा उचलला आणि तो खिडकीच्या उजेडाकडे तिरपा धरला.

"नीट बघ. काय दिसतं?"

"काळा रंग."

"आणखी बघ."

मी डोळे बारीक करून पाहिले. त्या काळ्या रंगात निळ्या रंगाच्या अगदी पुसट रेषा होत्या. काही तुकड्यांवर त्या उभ्या होत्या, काहींवर तिरप्या.

"वीस वर्षं मी उजेडात कापड धरून पाहतो आहे," अब्बा म्हणाले. "हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा शोधावा लागतो. नाहीतर मजुरी कापली जाते. सगळं काळं सारखं नसतं, बेटा."

मग मी एक तुकडा दोन तुकड्यांच्या मध्ये दाबू लागलो. अब्बांनी माझा हात धरला. "जोर लावू नकोस. जो तुकडा जोर लावून बसतो, तो त्या जागेचा नसतो."

मी तुकडा फिरवला. तो अलगद बसला.

पाचव्या दिवशी चित्र पूर्ण झाले. घनदाट जंगल, मागे बगीरा, पुढे मोगली आणि बालू हात धरून उभे. पण नेमका त्यांच्या हातांच्या जागी खड्डा होता. हरवलेला शंभरावा तुकडा तोच. मोगलीचा हात बालूपर्यंत पोहोचतच नव्हता.

मी हिरमुसलो. अब्बांनी अम्मीकडून शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा मागितला. त्या खड्ड्याखाली पुठ्ठा सरकवला आणि मला पेन्सिलीने खड्ड्याच्या कडेकडेने रेघ ओढायला लावली. मग आपाची कात्री डाव्या हातात घेऊन ते पुठ्ठा कापू लागले. कात्री घसरायची, पुठ्ठा निसटायचा. दोन तुकडे वाया गेले. तिसरा बसला. मी माझ्या रंगपेटीतून त्यावर एक छोटा हात आणि एक मोठा केसाळ पंजा रंगवला. रंग काही जुळला नाही. पंजा तर बटाट्यासारखा दिसत होता. तरी घरातले सगळे मोठ्याने हसले. अपघातानंतर अब्बा प्रथमच हसले.

दुसऱ्याच आठवड्यात शाळेत प्रगतीपुस्तके मिळाली. मी ते घेऊन सरळ अब्बांसमोर गेलो. त्यांनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "मला वाटलं, हल्ली शाळेत प्रगतीपुस्तकं देणं बंद झालं."

मी काही बोललो नाही. त्यांना सगळे माहीत होते. ते रागावले असते, तर बरे झाले असते. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि नीट जपून उठवला. त्या दिवशी तो निळा अंगठा मला पहिल्यांदा नीट दिसला. त्यावरच्या रेषा धाग्यांसारख्या होत्या. त्यातून कापल्याची एक जुनी खूण आडवी गेली होती.

प्लास्टर निघाल्यावर मी अब्बांना विचारले, "तुमचं नाव लिहायला शिकवू का?" ते आधी संकोचले. तेव्हा मी कागदाचे छोटे तुकडे कापले आणि प्रत्येकावर त्यांच्या नावातले एकेक अक्षर लिहिले. तुम्हांला ठाऊकच आहे, उर्दूत अक्षर एकटे असते तेव्हा त्याचे रूप वेगळे असते आणि शेजारच्या अक्षराला जोडले, की ते रूप बदलते. काही अक्षरे पुढच्याला हात देतात, काही देत नाहीत. अब्बा म्हणाले, "म्हणजे हेही कोडंच आहे की!" वार्षिक परीक्षेच्या प्रगतीपुस्तकावर त्यांनी स्वतः सही केली. ती थोडी वाकडी होती. मी ते प्रगतीपुस्तक त्या हसणाऱ्या मुलाला मुद्दाम दाखवले.

पुढे मी बी.एड. झालो आणि शाळेत भूगोल शिकवू लागलो. तेव्हा मला एक नवल वाचायला मिळाले. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचे एक नकाशे तयार करणारे गृहस्थ होते. १७६० नंतरच्या दशकात त्यांनी नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तो जोडून भूगोल शिकावा, हा त्यांचा हेतू. म्हणजे हा खेळ पहिल्यापासूनच शिक्षकांच्या कामाचा होता!

मीही माझ्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कापला. छत्तीस जिल्हे, छत्तीस तुकडे. नाशिकच्या शेजारी धुळे आणि जळगाव येतात, हे पाठ करून जे विसरत होते, ते हाताने जोडून विसरले नाहीत.

तुम्हीही असे कोडे घरी करू शकता. जुन्या कॅलेंडरवरचे किंवा वहीच्या मुखपृष्ठावरचे आवडत्या कार्टूनचे चित्र घ्या. ते जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवा. वर जड पुस्तके ठेवून रात्रभर वाळू द्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने आकार आखा आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली कात्रीने कापा. सुरुवातीला वीस तुकडे पुरेत. मात्र एक करा. ते एकटे जोडू नका. घरात जे कोणी गप्प बसलेले असेल, त्यांना जवळ बोलवा. आजी असो, दादा असो, की दिवसभर राबून आलेले अब्बा असोत. त्यांना काय काय येते, हे तुम्हांला कदाचित तेव्हाच कळेल.

ते मोगलीचे कोडे आजही माझ्याकडे त्याच कापडी पिशवीत आहे. माझी मुले ते जोडतात. नव्याण्णव तुकड्यांचे रंग आता फिके पडले आहेत. शंभरावा तुकडा तर पहिल्यापासूनच विजोड आहे. पण कोडे संपवताना तो शेवटी कोणी बसवायचा, यावरून आमच्या घरात रोज भांडण होते.

आणि खरे सांगू? कधी कधी त्या भांडणात मीही असतो.