अंगणातील दिवे

घरापुढील अंगण फरसबंद करून त्या फरशीतच विजेचे दिवे बसविण्याची चाल हल्ली आमच्या वसई-विरारकडे बरीच रूढ होत आहे. दिव्याची काच फरशीच्या बरोबरीने बसविलेली असते. दिवसा ती नजरेस येत नाही आणि रात्री जमिनीतूनच उजेड फुटल्यासारखा दिसतो. कित्येक वयोवृद्ध मंडळी या प्रकारास निव्वळ चैन समजून नाके मुरडतात. आम्ही त्या पक्षाचे नाही. ज्या अंगणात पायऱ्या आहेत, पावसाळ्यात शेवाळ धरते आणि वाडीतून एखादे सापकिरडू येण्याचा संभव असतो, तेथे पायाजवळ उजेड असणे ही चैन नसून सोय होय. तेव्हा दिवा असावा की नसावा हा प्रश्नच नाही. तो कसा बसवावा, एवढाच प्रश्न आहे.

खोबणीत दिवा ठेवण्याची कल्पना आपणांस परकीही नाही. तुळशीवृंदावनाच्या अंगात असलेली देवळी दुसरे काय आहे? तेलाच्या ज्योतीचा वैरी वारा. म्हणून जुन्या कारागिरांनी तिला तीन बाजूंनी भिंत आणि वर छप्पर दिले. विजेच्या दिव्यास वाऱ्याचे भय नाही. त्याचा वैरी पाणी. आणि मौज अशी की, जी खोबण ज्योतीस वाऱ्यापासून राखते, तीच जमिनीत उताणी ठेवली म्हणजे पाणी साठविण्याचे भांडे होते!

आमच्या प्रांतात तर हे ध्यानी धरणे विशेषच अगत्याचे आहे. वसईची जमीन एकीकडे समुद्र व दुसरीकडे खाडी यांच्यामध्ये सखल पसरलेली. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या येथे ज्या बावखलांवर पोसल्या, ती बावखले म्हणजे पाणी किती हाताशी आहे याची साक्षच होती. त्यांतील कित्येक आता बुजली. पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळते, आणि ते वरून पडते तसेच खालूनही चढते. २०१८ च्या जुलैत वसई, नालासोपारा, विरार या भागांत पाणी तुंबून रेल्वेगाड्या बंद पडल्या, हे येथील रहिवासी विसरलेले नाहीत.

आमच्याकडे चिरंजीवांनी एका ठेकेदाराकडून आठ दिवे बसवून घेतले. दिवाळीत त्यांची शोभा सर्वांनी वाखाणली. पुढे ज्येष्ठ सरत आला आणि पहिल्याच मोठ्या पावसानंतर दोन दिव्यांच्या काचेखाली पाणी डुचमळू लागले. सायंकाळी बटण दाबताच सर्व घराची वीज जाऊ लागली. ठेकेदाराचे म्हणणे एवढेच की, काचा बदलून देतो. परंतु आमच्या घरातील मंडळींचा नेम असा की, तिन्हीसांजेस अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवरून तुळशीपाशी जाऊन निरांजन ठेवावयाचे. आणि त्याच वाटेवर २३० व्होल्टचे ते दिवे होते. काचा बदलून स्वस्थ झोप येणे शक्य नव्हते.

म्हणून पूर्वी आमच्या वर्गात बसलेल्या एका वायरमनास बोलाविले. त्याने प्रथम मेन स्विच बंद केला, मग एक दिवा उपसून खड्ड्यात हात घातला व म्हणाला, “सर, दिवा बिघडलेला नाही. पाण्याला जायला वाटच ठेवलेली नाही.” खड्ड्याचा तळ सिमेंटने लिंपून टाकलेला होता, आणि वायरींचा जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळला होता. त्याने सांगितले की, दिवा पेटला म्हणजे आतील हवा तापून बाहेर पडते. विझला म्हणजे ती आकसते आणि बाहेरचे पाणी वायरीच्या पोटातून, सच्छिद्र जोडातून आत ओढले जाते. दिवा जणू श्वास घेतो. कार्यकारणभाव याहून स्वच्छ करून सांगणे आम्हांसही साधले नसते.

घराची वीज जात होती, तीही पीडा नसून कृपाच होती. मुख्य फळ्यावरील आरसीसीबी नावाचा स्विच जाणारी व परत येणारी वीज सदैव ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरइतकी तूट आली, म्हणजे वीज भलत्याच वाटेने जमिनीत जात आहे असे समजून तत्काळ पुरवठा तोडतो. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी अंगणात दिवे लावण्यापूर्वी तो बसवावा.

पुढे सर्व काम नव्याने झाले. ओटीवर, भिंतीत उंच जागी ट्रान्सफॉर्मर बसवून दिव्यांस १२ व्होल्टचीच वीज दिली. इतक्या कमी दाबाने लांब वायरीच्या टोकाचा दिवा मंद होतो, म्हणून वायर जाड घेतली. दिव्यावरील ‘आयपी’ या अक्षरांपुढील अंकही पाहून घेतले: ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा, ६८ म्हणजे कारखानदाराने सांगितलेल्या मर्यादेत सतत बुडून राहू शकणारा. जमिनीत ६८ चेच घेतले. जोड राळेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्याने भरून काढले. खड्ड्यांचा तळ फोडून खाली फूटभर खडी घातली आणि तेथून पन्हळीपर्यंत उताराने पाइप नेला.

तथापि भर पावसात खालचेच पाणी वर आले तर खडी काय करणार? म्हणून आठांपैकी तीनच दिवे, तेही अंगणाच्या उंच कडेस, जमिनीत ठेवले. दोन पायरीच्या व जोत्याच्या उभ्या अंगात बसविले. उरलेले तीन काढून टाकले. जोत्यातील ते दिवे पाहून घरची मंडळी म्हणाली, “ही तर आपली देवळीच झाली!” आणि ते खरेच होते. तुळशीभोवतीची फरशीही काढून तेवढी माती मोकळी केली. पावसाचे पाणी तेथे मुरते.

आता प्रत्येक दिवा तीन वॅटचा, पिवळसर उजेडाचा आहे. पूर्वीच्या पांढऱ्या झगमगाटापेक्षा त्याच्याभोवती पाखरे कमी जमतात, शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड घुसत नाही, आणि पायरीची कड मात्र स्पष्ट दिसते.

संस्कृतात देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे: उंबरठ्यावरचा एकच दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो. दिवे मोजून शोभा ठरविणाऱ्यांनी तो आठवावा. आणि ज्यांच्याकडे असे काम निघेल, त्यांना आमचे एवढेच सांगणे की, ठेकेदार दिव्यांचे नमुने दाखवू लागला म्हणजे काच कशी आहे हे मागाहून पाहावे. खड्ड्यातले पाणी कोठे जाणार, हे आधी विचारावे.