आधी श्वास सोडा

वाचकहो, स्पर्धात्मक पोहण्याचे चार प्रकार आहेत आणि त्यांतला सर्वांत संथ प्रकार म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक. विहिरीत, नदीत पोहायला शिकलेली आपल्याकडची माणसे त्याला बेडकासारखे पोहणे म्हणतात. वेगाची आवड असलेल्या तरुणांना तो फारसा भावत नाही. पण हा संथपणाच आपल्या वयाच्या माणसाला सोयीचा पडतो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, डोळ्यांना चाळिशी आणि केसांना चांदी लागलेली असताना, मी तो शिकायला सुरुवात केली. त्या शिकण्यातून शरीराबद्दल जे उमगले, ते या पानावर तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

संथ म्हणजे दुय्यम असे मात्र समजू नका. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी डोव्हरहून कॅलेपर्यंत इंग्लिश खाडी पोहून पार केली, ती याच प्रकाराने. त्यांना २१ तास ४५ मिनिटे लागली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कोलकात्याच्या आरती साहा अवघ्या अकराव्या वर्षी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत उतरल्या होत्या. पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या.

माझे कारण यांच्याइतके भव्य नव्हते. माझा दवाखाना नदीकाठच्या एका लहान गावात आहे. पावसाळ्यात आणि विशेषतः गणेश विसर्जनाच्या सुमारास नदीवरून बोलावणे येते. डॉक्टर पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा सारे संपलेले असते. काही वर्षांपूर्वी असाच एक तेरा वर्षांचा मुलगा पाण्याबाहेर काढण्यात आला. जमलेल्या लोकांनी त्याचे पाय धरून त्याला उलटे केले होते आणि कोणी पोट दाबत होते. मी त्याला खाली ठेवायला लावले, तोंडाने श्वास दिला, छातीवर दाब दिला. उपयोग झाला नाही. त्याच्या आईने माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, तुम्हाला पोहता येतं का हो?” त्यात आरोप नव्हता. उत्तम पोहणारा माणूसही त्या दिवशी वेळेवर पोहोचला नसता, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होते. तरीही ‘नाही’ हा शब्द उच्चारताना घसा कोरडा पडला. जे पाणी माझ्या गावातून वाहते, त्याच्याशी माझी ओळखच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणच्या तरणतलावावर मी नाव नोंदवले.

तिथला शिक्षक माझ्या मुलापेक्षा लहान. पहिल्याच दिवशी त्याने माझी पदवी बाजूला ठेवून मला ‘काका’ करून टाकले. हात-पाय राहू द्या, म्हणाला. आधी छातीभर पाण्यात उभे राहा, तोंड पाण्यात घाला आणि बुडबुडे काढा. मी तोंड घातले आणि पाच सेकंदांत धडपडत वर आलो. छाती फुटेलसे वाटत होते. तो हसून म्हणाला, “काका, श्वास घ्यायची घाई करू नका. आधी सोडा.”

वाचकहो, या साध्या वाक्यात शरीरशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. पाण्यात घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो. वर आला की भरलेल्या छातीतच आणखी हवा कोंबू पाहतो. श्वास कोंडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि मेंदूतले श्वसनकेंद्र ‘श्वास हवा’ असा गलका सुरू करते. त्या क्षणी प्राणवायू खरे तर पुरेसा असतो. गलका असतो तो न सोडलेल्या वायूचा. पाण्यात तोंड असताना नाकातोंडाने सावकाश हवा सोडत राहिले, की डोके वर येताच ताजी हवा आपसूक आत येते. दम्याच्या रुग्णांना मी ‘लांब श्वास सोडा’ असे वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. ते त्यांना किती अवघड जात असेल, हे मला त्या तलावात कळले.

गळ्यापर्यंतच्या पाण्यात छातीवर पाण्याचा दाब असतो, म्हणून श्वास घ्यायला किंचित अधिक जोर लागतो. हा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलतो. शरीराला वाटते की पाणी जास्त झाले आणि मूत्रपिंडे कामाला लागतात. पाण्यात उतरल्यावर लघवीची भावना होते ती यामुळे. म्हणून आधी स्वच्छतागृहात जाऊन, अंगावर पाणी घेऊन मगच तलावात उतरावे. डोळे चुरचुरतात त्याचा दोष आपण क्लोरीनला देतो; खरे तर क्लोरीन आणि माणसांचा घाम-लघवी यांच्या संयोगातून तयार होणारी द्रव्ये डोळ्यांना अधिक झोंबतात.

श्वास जमल्यावर तरंगणे आले. पूर्वी गावोगावी मुलांच्या पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत सोडत. माझ्या हातात फोमची फळी आली, एवढाच फरक. फुप्फुसांत हवा असल्याने छाती तरंगते, पाय मात्र खाली जातात. डोके वर धरले की पाय आणखी बुडतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तोंड सतत पाण्याबाहेर ठेवून पोहणारे पुष्कळ लोक दिसतात. त्यांची मान आणि कंबर मागे वाकलेली राहते. मानेचे किंवा कमरेचे जुने दुखणे असेल तर अशा पोहण्याने ते बळावू शकते. तोंड पाण्यात घालायला शिकणे म्हणूनच टाळू नये.

मग पाय. क्रॉलमध्ये पोहणाऱ्याला पुढे नेतात ते मुख्यतः हात; ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मोठा वाटा पायांचा. टाचा नितंबांकडे ओढायच्या, पावले बाहेर वळवायची, पावलांच्या आणि नडग्यांच्या आतल्या बाजूने पाणी मागे लोटायचे आणि पाय जुळवायचे. मी सुरुवातीला गुडघे फार फाकवत असे. शिक्षकाने कठड्याला धरवून महिनाभर तेवढेच करून घेतले. त्याचे कारण मला डॉक्टर म्हणूनही पटले. या लाथेत गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. सतत हाच प्रकार पोहणाऱ्यांच्या गुडघ्याचे दुखणे क्रीडावैद्यकात त्याच नावाने ओळखले जाते. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की सांध्यांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग येतो, म्हणून गुडघेदुखीच्या रुग्णांना पाणी मानवते हे खरे. पण ‘पाणी मानवते’ आणि ‘ही लाथ मानवते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघा दुखत असेल तर पाण्यात नुसते चालण्यापासून सुरुवात करा आणि लाथ शिकायची तर गुडघे अरुंद ठेवून, हलक्या जोराने शिका.

हातांबद्दल शिक्षकाने एकच सूचना दिली: “पाणी पकडू नका, दाबा.” हात पुढून बाहेर, तिथून छातीखाली आत आणि पुन्हा पुढे, खांद्यांच्या रेषेमागे न नेता. हात आत येताना डोके वर, श्वास आत. हात पुढे जाताना तोंड पाण्यात आणि लाथ. त्यानंतर जे येते तेच सर्वांत अवघड: काहीही न करणे. अंग लांब, सरळ करून एक-दोन अंक मोजेपर्यंत पाण्यावर नुसते घसरत राहायचे. नवशिका घाबरून लगेच दुसरा हात मारतो आणि स्वतःच मिळवलेला वेग मोडतो. दवाखाना, फोन आणि घर यांच्यामध्ये धावणाऱ्या माझ्यासारख्याला हे दोन अंक मोजायला तीन महिने लागले. पंचवीस मीटरचा तलाव न थांबता पार झाला तो पाचव्या महिन्यात.

आता आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास जातो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा हिशेब या एका सवयीत जवळजवळ पुरा होतो. मात्र अपस्माराचे झटके येणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, नुकताच हृदयविकार झालेले किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असलेले यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर तपासून, सोबत गोड काही ठेवून जावे. पाण्यात उतरण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन दम टिकवण्याची पैज कधीही लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूची धोक्याची घंटा वाजत नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. उत्तम पोहणाऱ्यांनीही एकट्याने पोहू नये.

आणखी एक सांगणे अगदी कळकळीचे. मला आज दोनशे मीटर पोहता येते. म्हणून मी बुडणाऱ्याला वाचवू शकतो असे नाही. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाही खाली ओढतो. काठावरूनच दोर, साडी, काठी, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाका आणि आरडाओरडा करून माणसे जमवा. बाहेर काढल्यावर त्याला उलटे करू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका; त्यात मोलाची मिनिटे जातात. बुडालेल्याला सर्वांत आधी हवा असतो तो श्वास. श्वास चालू नसेल तर शिकलेल्या माणसाने तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे कौशल्य काही तासांत शिकता येते. विसर्जनाआधी प्रत्येक मंडळातल्या चार-पाच जणांनी तरी ते शिकून घ्यावे. आमच्या गावातल्या मंडळांची तयारी दर वर्षी मी श्रावणात करून घेतो.

सुट्टीत मुलांना तलावावर सोडणारे आई-बाप कठड्यावर बसून घड्याळ पाहताना दिसतात. पालकहो, तुम्हीही उतरा. पहिल्या दिवशी एवढेच करा: छातीभर पाण्यात उभे राहा, कठडा धरा, तोंड पाण्यात घाला आणि सावकाश बुडबुडे सोडा. दहा वेळा. दुसऱ्या दिवशी वीस वेळा. बाकीचे शिक्षक शिकवतील.