यीस्ट : नेहमीचंच

कोलोन शहरात जाऊन बिअर प्यायला अक्कल लागत नाही. खुर्ची लागते. तुम्ही खुर्चीत बसलात, की निळ्या सदऱ्यातला वेटर (त्याला तिथं क्योबेस म्हणतात) तुम्हांला काही न विचारता एक उभट, सडपातळ पेला समोर आणून ठेवतो. पेला इनमीन २०० मिलिलिटरचा. तो संपला की दुसरा येतो, दुसरा संपला की तिसरा, आणि दर पेल्याला खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची एक रेघ वाढत जाते. हे थांबवायचा उपाय एकच. ती चकती उचलून पेल्यावर झाकण ठेवायची. पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू झाला की आपण पानावर आडवा हात धरतो ना, तेच. फरक एवढाच, की आपला हात बाजूला सारून जिलबी वाढणारे काका असतात. क्योबेस चकतीचा मान राखतो.

या बिअरचं नाव क्योल्श. गंमत अशी, की गावच्या बोलीचं नावही क्योल्शच. आणि नावाचा अभिमान तर विचारू नका. १९८६ साली तिथल्या २४ ब्रुअऱ्यांनी करार करून ठरवलं, की क्योल्श कशाला म्हणायचं : रंगानं फिकट, चवीला हॉप्सचा कडवटपणा, दिसायला नितळ, आणि गाव आमचंच. पुढं १९९७ साली युरोपीय संघानंही या नावाला संरक्षण दिलं. आपल्या कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली. म्हणजे आंब्यापेक्षा बिअर एकवीस वर्षं पुढं.

तर ही बिअर घरी करायची, असं आमच्या जावयानं ठरवलं आणि मला हाताशी घेतलं. आमची कन्या कोलोनला असते, जावई तिथलाच. आम्ही उभयता नव्वद दिवसांच्या व्हिसावर मार्चअखेर पोचलो. जावई माणूस सोन्यासारखा, पण सोन्यासारखाच मुका. माझं नि त्याचं संभाषण म्हणजे, ‘‘बाबा, आज पाऊस.’’ ‘‘हो, आज पाऊस.’’ हा विषय कोलोनात एप्रिलभर पुरतो, पण त्यापलीकडे काही उघडत नाही. म्हणून एका शनिवारी तो एक जुनी वही घेऊन माझ्यासमोर बसला, तेव्हा मी चष्मा पुसून घेतला.

वही त्याच्या वडिलांची. आमचे व्याही मोठे हौशी गृहस्थ. लग्नाला पुण्यात आले होते, तेव्हा पहाटे आमच्या स्वयंपाकघरात रात्रभर फुगून पातेल्याबाहेर आलेलं इडलीचं पीठ पाहून ते देवासमोर थांबावं तसे थांबले होते. वाकून वास घेतला आणि ‘हेफे’ एवढंच म्हणाले. हेफे म्हणजे यीस्ट. खरं तर इडलीचं पीठ फुगवण्यात यीस्टपेक्षा जिवाणूंचाच हात मोठा, पण लग्नघरात व्याह्यांना कोण दुरुस्त करतो? ते दोन वर्षांपूर्वी गेले. तळघरात त्यांची भांडी तशीच होती. जुलैत विहीणबाईंचा सत्तरावा वाढदिवस होता, आणि त्या दिवशी बाबांची बिअर आईपुढं ठेवायची, असं जावयाच्या मनात होतं. त्याचं मी ऐकलेलं सर्वांत लांब वाक्य ते.

वही मी हिशेबखात्यातल्या पस्तीस वर्षांच्या अनुभवानं तपासली. वीस लिटर बिअरसाठी पिल्सनर माल्ट चार किलो, गव्हाचं माल्ट अर्धा किलो. हॉप्स ४५ ग्रॅम आधी, १५ ग्रॅम शेवटी. कितीवर किती वेळ, सगळं व्यवस्थित. आणि यीस्टच्या रकान्यात दोन शब्द : ‘वी इमर’. म्हणजे ‘नेहमीप्रमाणे’.

मी सौ.ला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अहो, मग बरोबरच लिहिलंय. माझ्या आईच्या वहीत बासुंदीला साखर ‘बेतानं’ आहे आणि श्रीखंडाच्या दह्याला विरजण ‘आपलं’ आहे. आपलं म्हणजे कुठलं, ते मी चाळीस वर्षं शोधतेय.’’

आमच्या व्याह्यांना तरी का दोष द्यावा? बव्हेरियात १५१६ साली बिअर कशाची करायची याचा जो कायदा झाला, त्यात पाणी, सातू आणि हॉप्स एवढीच नावं आहेत. यीस्टचा पत्ता नाही. बिअर आंबते ती सजीव यीस्टमुळे, हे नीट उलगडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. पाश्चरनं बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला १८७६ साली, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते १८८३ साली. तोवर सगळ्या युरोपचं ‘नेहमीप्रमाणे’च चाललं होतं.

बाकीच्या जिन्नसांची अडचण नव्हती. घरगुती बिअरचं सामान विकणारं एक दुकान होतं. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत जो सुवास असतो त्याला जरा भाजल्याचा रंग द्या, म्हणजे त्या दुकानाचा वास झाला. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तत्त्व तेच : मोड आले की धान्यात अशी विकरं तयार होतात, की ती पिठुळपणाची साखर करतात. पिल्सनर माल्ट सगळ्यांत कमी भाजलेलं, म्हणून बिअर गव्हाळ न होता पिवळसर होते. गव्हाचं माल्ट घालावं की नाही, यावर दुकानदार आणि दुसरं एक गिऱ्हाईक यांच्यात बराच वाद झाला. गहू फेस टिकवतो असं एकाचं म्हणणं, आणि खुद्द कोलोनच्या बऱ्याच ब्रुअऱ्या गहू घालत नाहीत असं दुसऱ्याचं. उकडीच्या मोदकाच्या पिठीत साबुदाणा घालावा का, यावर ज्यांनी दोन बहिणींना अबोला धरताना पाहिलंय, त्यांना तो वाद समजेल. आमच्याकडे वही होती, आम्ही अर्धा किलो घातला.

हॉप्स म्हणजे वेलीवरची हिरवी बोंडं. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ही वेल भांगेच्या कुळातली, हे मी सौ.ला सांगितलं नाही. आम्ही हालरटाऊ भागातल्या मिटलफ्र्यूह जातीचे घेतले. कडवटपणा बेताचा आणि वास गवताच्या गंजीसारखा. या बिअरला आरडाओरडा करणारे हॉप्स चालत नाहीत. पाण्याचं मात्र पाहावं लागतं. कन्येच्या किटलीत पांढरा थर जमतो इतकं ते जड, आणि जड पाण्यात फिकट माल्टची चव खरबरीत लागते. त्यावर उपाय दोन : पाणी आदल्या दिवशी उकळून निवळू द्यायचं, किंवा मूठभर आंबट माल्ट घालायचं. आम्ही पहिला केला. पाणी उकळून गार करणं हा आमच्या पिढीचा राष्ट्रीय व्यवसायच होता.

राहिलं यीस्ट. दुकानाच्या कोपऱ्यात काचेच्या दाराचा फ्रीज होता आणि त्यात यीस्टची पाकिटं उभी. पाठीवरचा मजकूर वाचला आणि मला एकदम रविवारच्या पुरवणीतलं ‘वधू पाहिजे’ आठवलं. एक स्वभावानं शांत, थंड हवा मानवते, किंचित फळांचा गंध. दुसरी कामाला चपळ, पण लवकर खाली बसत नाही. तिसरी सुरुवातीला गंधकाचा वास देते, मुरल्यावर जातो. (अशी माणसं आपल्या नात्यात असतात.)

क्योल्शच्या यीस्टची मेख अशी. बिअरच्या यीस्टच्या ढोबळ जाती दोन. एक उबेत काम करून वर फेसात चढणारी, दुसरी गारठ्यात सावकाश काम करून तळाशी बसणारी. क्योल्शचं यीस्ट जातीनं पहिलं, पण त्याला राबवायचं पंधरा-सोळा अंशांवर, आणि काम झाल्यावर बिअर महिनाभर शून्याच्या आसपास मुरत ठेवायची, म्हणजे दुसरीसारखी. तापमान दोन-चार अंश वर गेलं तर फळांचा वास डोकं वर काढतो. फार खाली गेलं तर यीस्ट संप करतं. माल्ट चूक निघालं तर रंग बदलेल, हॉप्स चुकले तर कडवटपणा. यीस्ट चुकलं तर बिअर होईल, चांगलीही होईल, पण ती दुसऱ्याच्या घरची होईल.

आणि आम्हांला तर एका विशिष्ट घरची हवी होती.

जावई त्या फ्रीजपुढं वीस मिनिटं उभा होता. शेवटी मीच म्हटलं, ‘‘दोन घेऊ. भांडं एक, सातू एक, नि रस दोन बरण्यांत.’’ तो माझ्याकडे पाहून चक्क हसला. एक द्रव यीस्ट घेतलं, वायीस्ट २५६५; आणि एक कोरडं, के-९७. द्रव यीस्टच्या पाकिटाची एक मजा आहे. आत खाऊची छोटी पुडी असते. पाकिटावर तळहातानं जोरात थाप मारायची, ती पुडी फुटते, आणि काही तासांत सगळं पाकीट टम्म फुगतं. माझी थाप बसली तेव्हा सौ. पलीकडच्या खोलीतून धावत आली.

बिअर शिजवण्यात दिवस जातो. जर्मन माणसं मुरंबे टिकवायचं जे विजेचं मोठं भांडं असतं त्यातच हे करतात. भरडलेलं माल्ट ६५ अंशांच्या पाण्यात तासभर, मग आयोडिनचा थेंब टाकून पिठुळपणा गेला का ते पाहायचं, मग गाळायचं, हॉप्स टाकून झाकण न ठेवता खळाखळा उकळायचं, गार करायचं. मी घड्याळ सांभाळलं. त्या आठ तासांत जावई बोलत होता. वडिलांनी कुठं हात भाजून घेतला, त्यांना ट्राममध्ये गुणगुणायची सवय कशी होती, आणि तो स्वतः कॉलेजात असताना या तळघरात एकदाही का उतरला नाही. मी मधूनमधून फक्त तापमान सांगत होतो.

गाळून उरलेला चोथा फेकायला सौ.चा हात होईना. जर्मन लोक तो पावात घालतात म्हणे. तिनं भाजणीत मिसळून थालिपीठं लावली. खमंग झाली होती. पण सातूची टरफलं पुढचे दोन दिवस दातांतून काढत होतो.

मेच्या मध्याला दोन्ही बिअरी तयार झाल्या. दोन्ही धूसर. या जातीचं यीस्ट लवकर खाली बसत नाही, ते असंच. करारात ‘नितळ’ असं लिहिलेलं असल्यामुळे अशा न गाळलेल्या बिअरला तिथं क्योल्श न म्हणता ‘वीस’ म्हणतात. विहीणबाईंना बोलावलं, कशासाठी ते न सांगता. दोन पेले ठेवले. त्यांनी पहिल्यातली अर्धी घेतली, दुसऱ्यातली अर्धी घेतली, ‘‘छान आहे, दोन्ही छान,’’ म्हणाल्या, आणि दोन्ही पेल्यांवर अगदी हळुवारपणे एकेक चकती ठेवली.

जावई खिडकीबाहेर पाहू लागला. पाऊस होताच.

कॉफीच्या वेळी सौ.नं, कन्येला दुभाषा करून, सरळ विचारलं, ‘‘ताई, भाऊ यीस्ट कुठलं आणायचे हो?’’ आम्ही दोघा पुरुषांनी दीड महिन्यात हा प्रश्न विचारला नव्हता, कारण मग वाढदिवसाची गंमत गेली असती. विहीणबाईंनी भुवया उंचावल्या. ‘‘दुकानातून आणलंत?’’ मग हसू लागल्या. ‘‘तो काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन जायचा. कोपऱ्यावरच्या ब्रुअरीत. बरणी मीच उकळून द्यायची. तरी तिला व्हिनेगरचा वास यायचा म्हणून भांडणं!’’

सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘बघा. विरजण.’’

आमच्या वाड्यात वाटी घेऊन खालच्या काकूंकडे जायचं माझं काम होतं. वाटी मोकळी न्यायची नाही, परत द्यायची तर त्यात काहीतरी घालून द्यायची. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि जावई त्या ब्रुअरीच्या मागच्या दाराशी उभे राहिलो, तेव्हा उकळून घेतलेल्या बरणीबरोबर सौ.च्या हातच्या चकल्याही होत्या. ब्रुअरीतल्या माणसानं बरणी पाहिली, जावयाला नीट न्याहाळलं, वडिलांचं नाव घेतलं आणि आत गेला. परत आला तेव्हा बरणीत साईसारखं दाट, फिकट मातकट यीस्ट होतं. ‘‘झाकण सैल ठेवा,’’ म्हणाला. पैसे घेतले नाहीत, चकल्या घेतल्या.

ट्राममध्ये ती बरणी मी मांडीवर घेऊन बसलो. जिवंत वस्तू असल्यामुळे तिला धरणं जरा अवघडच. वळण आलं की आतून फेस वर चढे नि झाकणाखालून हलकेच फुस्स होई. समोरच्या बाई जागा बदलून गेल्या. जावई काहीतरी गुणगुणत होता.

ती बिअर मी चाखली नाही. जूनअखेर व्हिसा संपला आणि बिअर तळघरातल्या फ्रीजमध्ये मुरत राहिली. वाढदिवसाला कन्येनं व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टेबलावर केक होता, फुलं होती, विहीणबाई निळ्या पोशाखात मधोमध. ‘‘कशी झालीय म्हणतात?’’ मी विचारलं. ‘‘अजून काही बोलल्या नाहीत,’’ कन्या हळूच म्हणाली आणि तिनं फोन जरा खाली वळवला. चकती पेल्याखालीच होती. तिच्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या, आणि जावई तिसरी ओढत होता.