व्हेराच्या घरी, भरती यायच्या आत!

डोक्यावर चेपलेली हॅट, अंगात चुरगळलेला रेनकोट आणि दिमतीला जुनी लॅण्ड रोव्हर! आयटीव्हीवरची डीसीआय व्हेरा स्टॅनहोप ग्लॅमरच्या वाट्याला कधी गेलीच नाही. अ‍ॅन क्लीव्ह्जच्या कादंबऱ्यांमधली ही बाई २०११ ते २०२५ ब्रेण्डा ब्लेथिनने झकास रंगवली. पण खरं सांगू? सीरियलची अर्धी हिरॉइन नॉर्थम्बरलॅण्डच.

बापाकडून आलेलं व्हेराचं ते एकाकी घर आहे होली आयलंडवर, म्हणजे लिंडिसफार्नला. ऑनसाइटवाल्यांनो, लंडनहून ट्रेनने बेरिक गाठा, पुढे गाडी करा. मात्र आधी भरतीचं टाइमटेबल बघा. बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. ‘होतंय रे पाच मिनिटांत’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या दरवर्षी अडकतात. त्यांच्यासाठी वाटेत उंच खांबांवर एक पांढरी खोली बांधलीय. शिडीने वर चढायचं आणि आपली गाडी बुडताना बघत बसायचं!

आम्ही निघालो तेव्हा वीसच मिनिटं उरली होती. दोन्हीकडची वाळू चकाकायला लागलेली, गाडीत सगळे चिडीचूप. घर? खासगी आहे, लांबूनच फोटो. वाऱ्याने माझी टोपी गेली ती गेलीच. व्हेराची कशी टिकायची, कोण जाणे!