चुकल्या-चुकल्यासारखं

आठवीत इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘ही मिस्ड द ट्रेन.’ खाली मराठी: ‘त्याची गाडी चुकली.’ मी अडखळलो. इंग्रजीत चुकतो तो माणूस, आपल्याकडे मात्र चुकते ती गाडी.

कॉन्व्हेंटमधली मुलं बाईंना ‘मिस’ म्हणायची. तो शब्द वेगळा, ‘मिस्ट्रेस’चं आखूड रूप. फळ्यावरचं क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘मिसान’मधून आलंय. अर्थ, नेम चुकणं. त्याच क्रियापदाला पुढे माणसाची उणीव भासण्याचा अर्थ आला.

2003 मध्ये मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि ‘मिस’ घरोघरी पोहोचला. ‘पोहोचलास की मिस कॉल दे.’ दोन रिंगा, की कट. समोरच्यानं चुकून उचलला तर मात्र चुटपुट लागायची. त्या दोन रिंगांत ‘सुखरूप आहे’ हा सगळा निरोप मावायचा.

मग मुलगी शिकायला लीड्सला गेली. विमानतळावरून तिचा मेसेज, ‘बाबा, मिस यू.’ उत्तर मराठीत द्यायचं होतं, पण शब्द सापडेना. ‘आठवण येते’ लिहिलं आणि पुसलं. आठवण तर दूरच्या आत्याचीही येते. ‘करमत नाही’ जवळचं होतं, पण त्यात ती कुठेच नव्हती. मराठीत ‘मिस यू’ला शब्दच नाही असं लोक म्हणतात, मलाही ते पटू लागलं होतं.

त्या रात्री माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. मी वसतिगृहात होतो तेव्हाची आईची आंतर्देशीय पत्रं तीत आहेत. घड्यांवर फाटलेली, शाई निळसर पुसट झालेली. एकात, कडेच्या मोकळ्या जागेत, आडवं लिहिलेलं: ‘तू गेल्यापासून घरात चुकल्या-चुकल्यासारखं होतं. आमटी रोज उरते.’

म्हणजे फळ्यावरचं तेच ‘चुकणं’! गाडी चुकते, नेम चुकतो, आणि घरातलं माणूस दूर गेलं की चुकल्या-चुकल्यासारखंही होतं. इंग्रजीनं एका क्रियापदात जे बांधलं, ते आपल्याही एका क्रियापदात होतं. चौथी शिकलेल्या आईला ते ठाऊक होतं. शब्द नाही म्हणणाऱ्यांनी आधी घरातली जुनी पत्रं उघडावीत.

सकाळी लेकीला उत्तर पाठवलं. त्यात आईचीच दोन वाक्यं होती. काल रात्रीचीही वाटीभर आमटी उरली होती.