इंटरनेटची वायर काढून बघा

घर 'स्मार्ट' करायचं ठरलं की लोक आधी रंगीत बल्ब आणतात. माझं मत वेगळं आहे. बल्ब साधाच ठेवावा आणि सगळी हुशारी भिंतीवरच्या बोर्डामागे घालावी. स्मार्ट बल्बचं बटण कुणी भिंतीवरून बंद केलं की त्याची वीजच तुटते, मग मोबाइलवरून काहीही करा, तो लागत नाही. बोर्डामागे बसणारी छोटी रिले मात्र बटणाचंही ऐकते आणि मोबाइलचंही. आलेल्या पाहुण्याला, कामाच्या मावशींना, आईला दिवा लावायला ॲप लागता कामा नये. आईने बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. एवढं जमत नसेल तर बाकीची करामत माझ्या लेखी शून्य.

यासाठी बोर्डात न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर प्लगचा सॉकेट आहे तिथे तो असतोच. नुसत्या बटणांच्या बोर्डात, विशेषतः जिन्यातल्या टू-वे जोडणीत, बहुधा नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलं मिळतात, पण ती स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतात. म्हणून बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. दिव्याला समांतर एक योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावला की ते थांबतं. घराचं वायरिंग नव्याने होत असेल तर वायरमनला आधीच सांगून ठेवावं, "दादा, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल सोडा आणि बॉक्स खोल घ्या." "कशाला साहेब, काही गरज नाही," असं उत्तर येईल. तरी आग्रह सोडू नये.

*

अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचं, घरातली स्मार्ट यंत्रं चालवणारं एक हब होतं. किंमत सुमारे ३०० डॉलर. २०१४ मध्ये ते बनवणारी कंपनी 'नेस्ट' या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातले डबे धडधाकट होते, पण कामाचे राहिले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन' या तशाच दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर असेच एके दिवशी गप्प झाले, तेही पूर्वसूचना न देता. ज्यांनी आपली उपकरणं घरातल्याच संगणकाशी जोडून घेतली होती त्यांचे दिवे चालू राहिले. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली, ही या गोष्टीतली मला सगळ्यात आवडलेली बाजू.

तेव्हापासून कुठलंही यंत्र घेताना मी एकच चाचणी लावतो. घरातलं वायफाय चालू ठेवायचं आणि राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढायची. यंत्र चाललं तर ठेवायचं. नाही चाललं तर आपण फक्त भाडेकरू आहोत.

*

माझ्या घरातला कारभार होम असिस्टंट पाहतो. पाउलस स्खाउटसेनने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगभरातले लोक मिळून वाढवतात. ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसतं आणि घराबाहेर न जाता निर्णय घेतं. खोलीतली यंत्रं त्याच्याशी एमक्यूटीटी या पद्धतीने बोलतात. ही पद्धत अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये बांधली, ती तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहाच्या महागड्या आणि अरुंद वाटेने नजर ठेवायची म्हणून. कमीत कमी अक्षरांत निरोप पोचवायचा, ही तिची मूळ गरज. तेलाच्या पाइपलाइनसाठी घडवलेली गोष्ट आज स्वयंपाकघरातल्या गॅस सेन्सरचा निरोप दिवाणखान्यात आणते, याचा मला दरवेळी आनंद होतो.

*

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. ईएसपी८२६६ या वायफाय चिपची पाटी, जंपर वायरी, पाच व्होल्टचा पुरवठा, रिले, डबा हे सगळं तिथे एका फेरीत मिळतं, आणि एखाद्या तयार स्मार्ट स्विचपेक्षा फार जास्त पैसे लागत नाहीत. ऑनलाइन स्वस्त मिळत असेल, पण काउंटरपलीकडचा माणूस "हा रिले मोटारला नका लावू" असं सांगतो, ते ऑनलाइन कोण सांगणार?

*

मोटारीचंच लिहितो, कारण सगळ्यात उपयोगी पडलेलं काम तेच.

खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी, वरच्या टाकीत मोटारीने चढवलेलं. मोटार लावायची आठवण ठेवायची आणि बंद करायचीही. आमच्या सोसायटीत हे काम वॉचमनकाकांकडे होतं. त्यांना गेटही सांभाळायचं, पार्सलंही घ्यायची. गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज आला की कुणीतरी खिडकीतून ओरडायचं, "काका, मोटार!" तोवर बरंच पाणी वाहून गेलेलं असायचं.

पाण्याची पातळी मोजायला ध्वनीचा सेन्सर वापरला. तो टाकीच्या झाकणातून खाली आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. वॉटरप्रूफ जातीचा घ्यावा लागतो, आणि त्याला साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. म्हणून तो पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून तेवढा उंच बसवावा लागतो. झाकणाला भोक पाडून त्यावर पाइपचा तुकडा उभा केला की भागतं. दुसरी अडचण उन्हाची. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, पण एप्रिलमध्ये काळ्या प्लास्टिकच्या टाकीतली हवा ४५ अंशांपर्यंत तापली तर तो सुमारे ३५८ वर जातो. एक मीटर अंतरात चार सेंटिमीटरांचा फरक पडतो. शेजारी तापमानाचा सेन्सर ठेवून आकडा दुरुस्त केला की हिशेब जुळतो. पावसाळ्यात झाकणाखाली बाष्प साचतं, सेन्सरच्या तोंडावर थेंब लटकतो आणि टाकी क्षणात रिकामी, क्षणात भरलेली दिसते. त्यामुळे एका मापावर कधीच भरवसा ठेवायचा नाही. लागोपाठच्या काही मापांतलं मधलं घ्यायचं. आणि इतकं करूनही टाकीत वर एक साधा फ्लोट स्विच हवाच. सेन्सर चुकला, प्रोग्राम अडकला, तरी पाणी त्या उंचीला पोचलं की मोटार बंद होते. अशा ठिकाणी शेवटचा शब्द यांत्रिक वस्तूचा असावा.

तपकीर गल्लीतला तो सल्ला इथला. एक हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना ती काही क्षण कितीतरी पट करंट ओढते. दहा अँपिअरची छोटी रिले थेट लावली तर एक दिवस तिचे संपर्क एकमेकांना चिकटतात आणि मोटार बंदच होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंटचा स्विच, चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटार. करंट मोजणारं मॉड्यूलही लावावं. खालची टाकी संपून मोटार कोरडी फिरू लागली की करंट कमी होतो, तेवढी खूण ओळखून ती थांबवता येते. ज्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं, त्या दिवशी याची किंमत कळते.

स्टार्टरच्या पेटीवर हाताने चालवायचा खटका तसाच ठेवला. वॉचमनकाका अजूनही अधूनमधून तो वापरतात. वापरावाच.

*

नागपूर-अकोल्याकडच्या मित्रांसाठी : हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक बघतो. मे महिन्यात खोलीच शरीराइतकी तापली की त्याला माणूस दिसेनासा होतो. दिवा लागत नाही म्हणून सेन्सर फेकू नका. रडारवर चालणारे सेन्सर उन्हाला बधत नाहीत, मात्र त्यांना फिरता पंखा म्हणजे माणूस वाटू शकतो.

*

काही सेन्सर वायफायऐवजी झिग्बी या बिनतारी पद्धतीने बोलतात. त्या झिग्बीचा डोंगल रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी पोर्टात थेट खोचू नये. यूएसबी ३ च्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झची लहर बिघडते. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल दूर ठेवला की निम्म्या तक्रारी जातात. उरलेल्या आपल्या आरसीसी भिंतींमुळे असतात. त्यांच्यावर उपाय म्हणजे वाटेत कायम विजेवर असलेला एखादा झिग्बी प्लग. तो निरोप पुढे ढकलतो.

*

वीज गेली आणि पहाटे तीनला आली. घरातले सगळे स्मार्ट दिवे एकदम लख्ख. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बहुतेक उपकरणांत 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असते. दिव्यांना 'आधीची स्थिती', गिझरला आणि मोटारीला 'बंद'. बसवल्या दिवशीच हे करून टाकावं.

*

गिझरचं गणित. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं. २००० वॅटच्या गिझरला २१ मिनिटं. म्हणजे आंघोळीच्या अर्धा तास आधी लावला की पुरे. रात्रभर चालू ठेवून काहीच साधत नाही, टाकीतून झिरपणारी उष्णता फक्त बिलात दिसते. गिझरला १६ अँपिअरचाच प्लग किंवा मॉड्यूल हवं. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. दहाच्या स्वस्त प्लगला रोज इतका ताण झेपत नाही, पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं. इथे पैसे वाचवू नका.

*

अपडेटबद्दल.

होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. मी ती त्या बुधवारी घेत नाही. आधी काय बदललं ते वाचायचं, विशेषतः जुन्या गोष्टी मोडणाऱ्या बदलांचा भाग. मग बॅकअप घ्यायचा आणि तो पायवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. एसडी कार्ड सतत लिहून लिहून झिजतं आणि जाताना बॅकअपही घेऊन जातं. जमल्यास कार्डाऐवजी एसएसडी वापरावी. गणपती, दिवाळी, घरात कार्य, मुलांच्या परीक्षा या काळात अपडेट नाही. घरात चार माणसं असताना आपला छंद त्यांच्या वाटेत येता कामा नये, हे मी फार गांभीर्याने मानतो.

मात्र सुरक्षेचा अपडेट टाळू नये. राउटर आणि कॅमेरे यांचा तर अजिबात नाही. उत्पादकाने कॅमेऱ्याचं फर्मवेअर सुधारणं थांबवलं असेल तर तो इंटरनेटपासून तोडावा.

अपडेट थांबण्याचा हा प्रश्न संगणकांनाही येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे कित्येक चांगले लॅपटॉप एका तारखेला जुने ठरले. त्यांवर लिनक्स मिंट टाकावं. ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग सगळं चालतं. असा एक लॅपटॉप वडिलांसाठी तयार केला, तेव्हा खरी अडचण निघाली त्यांच्या जुन्या लेखांची. ते श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये होते. युनिकोडच्या आधीच्या अशा फायलींमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण निकाल डोळ्यांनी तपासावा लागतो. कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. तो जुन्या फायलीत अक्षराच्या नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. 'निर्मिती'सारख्या एकाच शब्दात दोन्ही आले की प्रोग्राम अडखळतो. वडिलांचे लेख आम्ही दोघांनी शेजारी बसून ओळीओळीने तपासले. ते वाचायचे, मी दुरुस्त करायचो. ज्यांच्या घरात आई-वडिलांचं, आजोबांचं लेखन अशा फायलींत पडून आहे, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. फॉन्ट आणि वाचणारी माणसं, दोन्ही हाताशी असतानाच ते होतं.

*

आवाजावर चालणारं घर मराठीतून चाललं पाहिजे, ही माझी मनापासूनची इच्छा. ओपनएआयचं व्हिस्पर हे २०२२ चं मुक्त मॉडेल मराठी ओळखतं आणि घरातल्या संगणकावर चालतं. छोटी आवृत्ती मराठीत फार चुकते, मोठीला ताकदीचं यंत्र लागतं. होम असिस्टंटमध्ये आज्ञांची वाक्यं स्वतः लिहिता येतात. ती लिहिताना घरातली माणसं प्रत्यक्ष काय बोलतात ते ऐकून लिहावी. आमच्याकडे 'दिवा घालव', 'लाइट बंद कर', 'मालव गं तो दिवा' हे तिन्ही चालतं. तिन्ही वाक्यांना एकच दिवा विझला पाहिजे.

*

हे सगळं एकट्याच्या डोक्यात असणं घरासाठी धोक्याचं आहे. म्हणून एक कागद करा. कुठल्या बोर्डामागे काय आहे, कुठला एमसीबी पाडला की काय बंद होतं, रास्पबेरी पाय कुठे आहे, बॅकअप कुठे आहे, आणि सगळं काढून घर पुन्हा साध्या बटणांवर कसं आणायचं, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. त्याची एक प्रत एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. मग तुम्ही गावाला असताना घरच्यांना तो कागद वाचून एकदा सगळं करून बघायला सांगा. जिथे ते अडतील ती ओळ नव्याने लिहा.